दुकानाचं शटर पाडून ट्रेनिंगला येता येत नाही : छोट्या धंद्यांचं ट्रेनिंग ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत छोट्या धंदेवाल्यांसाठी ट्रेनिंगचे कार्यक्रम आखणाऱ्या सगळ्या साहेब-मॅडमना,

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेली मोटार नवीन तारेनं भरून द्यायचं दुकान चालवतो, १७ वर्षं झाली. दहा बाय बाराचा गाळा, पुढं पत्र्याचं शेड, दोन पोरं कामाला आणि हिशोबाची वही बायकोकडं. बोअरची सबमर्सिबल, विहिरीवरची मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीची, कडबाकुट्टीची, जी मोटार जळंल ती आमच्याकडं येते. हे पत्र मी रागानं लिहीत नाही, तुम्ही ट्रेनिंग देता ते चांगलंच करता, फक्त ते आमच्यापर्यंत पोचत नाही आणि का पोचत नाही हे आमच्यातल्या कुणीतरी एकदा नीट सांगावं म्हणून लिहायलोय.

मागच्या वर्षी जानेवारीत मला एक फोन आला, जिल्ह्याच्या ठिकाणी दहा दिवसांचं ट्रेनिंग आहे, फुकट आहे, चहा-जेवण आहे, सर्टिफिकेट मिळंल, कर्जाला उपयोगी पडंल. मी गेलो. शिकवणारे सर चांगले होते, आवाज चांगला, समजावून सांगायची तळमळ पण होती. पण जानेवारी म्हणजे आमच्याकडं हरभरा-गव्हाला पाणी द्यायचे दिवस, रात्रीची थ्री फेज लाईट, व्होल्टेज कमी आणि मोटारी जळायचा सगळ्यात मोठा सीझन. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी नाही म्हणून पोरानं एका शेतकऱ्याची सिंगल फेज मोटार स्वतःच भरून दिलती आणि स्टार्टिंग-रनिंगच्या वायरी उलट्या जोडल्या, तासाभरात मोटार परत जळली, शेतकरी दुकानात येऊन बसला, त्याचं पाणी अर्ध्यावर राहिलेलं. मी ट्रेनिंग सोडून आलो, ती मोटार फुकट भरून दिली, रात्री एक वाजता त्यांच्या बोअरवर जाऊन सोडून आलो. सर्टिफिकेट काही मिळालं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. वाटलं ते त्या पोराचं, कारण चूक त्याची नव्हतीच. चार वर्षं तो माझ्याकडं बघून बघून शिकत होता, कुठली वायर का आणि कुठं हे त्याला बसवून कुणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही. ट्रेनिंगला मी गेलतो आणि गरज त्याला होती, आणि त्या कार्यक्रमात त्याच्यासारख्याला बसायला जागाच नव्हती, कारण तो मालक नाही, त्याला धंदा सुरू करायचा नाही आणि कर्जही काढायचं नाही.

इथंच मला वाटतं मूळ अडचण आहे. तुमची बहुतेक ट्रेनिंग नवीन धंदा सुरू करणाऱ्यासाठी आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मितीचं (पीएमईजीपी) घ्या, मुख्यमंत्री रोजगार निर्मितीचं घ्या, तिथं ट्रेनिंग येतं ते कर्जाबरोबर, नव्या प्रोजेक्टबरोबर. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, राहायची-जेवायची सोय, फुकट, कर्नाटकात उजिरेला १९८२ मध्ये सुरू झालेल्या नमुन्यावर उभ्या राहिल्या, आणि त्यांची एक गोष्ट मला फार आवडते की ट्रेनिंग झाल्यावर दोन वर्षं पोराच्या मागं लागून विचारतात, धंदा सुरू झाला का, कुठं अडलं. बेकार पोरासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. पण ज्याचं दुकान आधीच चालू आहे आणि रोज सकाळी नऊला शटर उघडावंच लागतं, तो दहा, वीस, तीस दिवस मुक्कामाला कसा जाणार? धंद्याचं ट्रेनिंग देणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्य ऑफिस तर आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे, १९८८ पासून, मुंबई-पुण्याला न जाता मराठवाड्यातच ते बसलं याचा आपल्याला अभिमान पाहिजे, म्हणून तर मागणी पण पहिली आपलीच पाहिजे.

अजून एक सांगतो. सरकारच्या भाषेत आम्ही ‘सूक्ष्म उद्योग’. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची व्याख्या झाली अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटीपर्यंत उलाढाल. म्हणजे लातूरच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना, ज्याला स्वतःचा अकाउंटंट आहे, ऑफिसात एसी आहे, तो पण सूक्ष्म, आणि मी दोन पोरं घेऊन पत्र्याखाली बसणारा तो पण सूक्ष्म. कर्ज-सबसिडीसाठी ही व्याख्या ठीक असंल, त्यात मला पडायचं नाही, पण ट्रेनिंग एकाच मापाचं शिवलं की ते कुणाच्या अंगाला बसणार ते आपोआप ठरतं. मला त्या तीन दिवसांत एक्सपोर्टबद्दल सांगितलं गेलं. माझं गिऱ्हाईक जास्तीत जास्त १५ किलोमीटरवरनं येतं, मोटारसायकलवर मोटार बांधून.

दुकान बंद ठेवायची किंमत तुम्हाला कागदावर दिसत नाही म्हणून लिहितो. एक दिवस शटर पाडलं तर त्या दिवसाचा गल्ला जातो हे तर झालंच, पण पोरांचा रोज द्यावा लागतो, गाळ्याचं भाडं चालूच राहतं, आणि आलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं की ते परत येईलच असं नाही, कारण मोटारवाला आणि डॉक्टर माणूस एकदा धरला की सहसा सोडत नाही. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत ही गोष्ट कुणीतरी ओळखली, हे मी मनापासून सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली, आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच, आणि त्यात ट्रेनिंगच्या दिवसाला ५०० रुपये रोज देतात, वर १५ हजारांचं टूलकिट. आमच्या शेजारचा सलूनवाला पाच-सहा दिवस जाऊन आला आणि म्हणला, पैसे मिळाले म्हणून घरी कुणी बोललं नाही. पण ती योजना १८ धंद्यांसाठी आहे, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, नाभिक, गवंडी असे. त्यात मोटार भरणारा नाही, टू-व्हीलर गॅरेजवाला नाही, वेल्डिंगवाला नाही, मोबाईल रिपेअरवाला नाही, मेसवाली ताई नाही, ब्युटी पार्लरवाली नाही. आजच्या बाजारात तर हेच धंदे जास्त दिसतात, कुठल्याही तालुक्याच्या स्टँडसमोर उभं राहून बघा.

आता पोरांचं. या पत्रातलं मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच आहे, म्हणून जरा लांबंल.

माझ्याकडचा मोठा पोरगा २२ वर्षांचा, तांड्यावरचा. आई-बाप दसरा झाला की उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कोयत्यावर, आणि हा पण दोन सीझन त्यांच्याबरोबर गेलेला. दहावीला गणितात राहिला. दुकानात आला तेव्हा त्याला एवढंच पाहिजे होतं की गावात राहून काम मिळावं. अशी पोरं गावोगावच्या गॅरेजात, हॉटेलात, कापड दुकानात, आडतीत आहेत. लातूरचं नाव शिक्षणात एवढं मोठं आहे, लातूर पॅटर्न म्हणून अख्खा महाराष्ट्र ओळखतो, डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं म्हणून दूरदूरची पोरं इथं येऊन राहतात. त्याच शहराच्या जिल्ह्यात, दहावीला राहिलेल्या आणि दुकानात काम करणाऱ्या पोराला त्याच्या कामाचं चार ओळी शिक्षण कुठं मिळतं ते मला दाखवा.

अॅप्रेंटिसचा कायदा आहे, १९६१ चा. मी चौकशी केली, मला वाटलं आपल्या पोरांना त्यात घालता येईल, थोडा स्टायपेंडचा हातभार लागंल, शेवटी सर्टिफिकेट मिळंल. तर कळलं की ३० किंवा जास्त माणसं असतील तिथं अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, आणि ४ पेक्षा कमी असतील तर तो त्यात बसतच नाही. आमच्या बाजारपेठेत चारपेक्षा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं हाताच्या बोटावर मोजता येतील. म्हणजे ज्या ठिकाणी पोरगं खरोखर उस्तादाच्या हाताखाली शिकतं, तीच जागा कायद्याला शिकायची जागा वाटत नाही.

आणि मालकांचं पण खरं सांगतो, स्वतःपासून. आम्ही मालकच पोरांना शिकवायला भितो. आमच्या धंद्यात प्रत्येकाची एक डायरी असते, कुठल्या मोटारीला किती स्लॉट, किती टर्न, कुठल्या गेजची तार, किती पिच, सगळा डेटा त्यात. १०-१२ वर्षांची कमाई असते ती. मी ती डायरी कपाटात कुलूप लावून ठेवायचो आणि टर्न मोजताना पोराकडं पाठ करून बसायचो. वाटायचं याला सगळं कळलं की हा समोर दुकान टाकंल. तरीपण पहिला पोरगा गेलाच, दोन गाळे सोडून दुकान टाकलं, अर्धवट शिकलेला होता म्हणून सुरुवातीला त्यानं लोकांच्या लई मोटारी बिघडवल्या, लोकांनी नाव मात्र माझं घेतलं की त्यांच्याकडंच शिकलाय. तेव्हापासून मी डायरी टेबलावर ठेवतो. मोठा पोरगा आता स्वतः डेटा उतरवतो, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ही भीती बाकीच्या मालकांच्या मनात आहे आणि ती खोटी नाही, सहा महिने शिकवायचं आणि पोरगं पुण्याला निघून गेलं तर नुकसान मालकाचंच होतं. म्हणून शिकवायचा खर्च फक्त मालकावर टाकून चालत नाही, त्यातला काही भार सरकारनं उचलला तर मालक पाठ फिरवून बसणार नाही.

चांगलं ट्रेनिंग कसं असतं ते मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळेला ते आमच्या दारात आलं.

एक म्हणजे आयटीआयचे एक रिटायर्ड निदेशक. नात्यातल्या लग्नाला गावात आले होते, चार दिवस राहिले, आणि मी विनंती केली म्हणून रोज संध्याकाळी सातनंतर दुकानात येऊन बसले. फळा नाही, काही नाही. शेडमध्ये पडलेल्या जळक्या मोटारी समोर घ्यायचे आणि पोरांना विचारायचे, ही का जळली सांगा. पोरं म्हणायची, लाईटनं. मग ते दाखवायचे, बघा, स्टार जोडणीतल्या या मोटारीत दोन फेजची कॉइल काळी पडलीय आणि एक जशीच्या तशी कोरी, म्हणजे एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर ओढत राहिली. ही दुसरी बघा, तिन्ही सारख्या काळ्या, म्हणजे लोड जास्त नाहीतर व्होल्टेज कमी. मेगर लावून इन्सुलेशन कसं बघायचं, भरलेली मोटार गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी करंट का मोजायचा, कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज का करायचा, सगळं चार संध्याकाळीत. तेव्हापासून आमची पोरं शेतकऱ्याला नुसती मोटार देत नाहीत, का जळली ते सांगतात, डब्यातला फ्यूज बघायला सांगतात, एक फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर लावायला सांगतात. तीच तीच मोटार परत येणं कमी झालं. कुणी म्हणंल मोटारी कमी जळल्या तर तुझाच धंदा कमी. तसं झालं नाही, उलट लांबची गिऱ्हाइकं वाढली.

दुसरं ट्रेनिंग माझ्या बायकोचं. ती ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटात आहे. तिथं पंचसूत्री असते, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लिहिणं. शिकवणारी बाई शेजारच्याच गावची, स्वतः गटातनं पुढं आलेली, आमच्या गल्लीत कुणाच्या तरी ओसरीवर येऊन बसायची, तासभर, आणि पुढच्या वेळी आली की मागचं वहीत लिहिलंय का ते आधी बघायची. बायको तिथं वही लिहायला शिकली आणि एक दिवस दुकानाची वही घेऊन बसली. मी आतापर्यंत मोटारीचा रेट काढायचो तो तार अधिक मजुरी असा. तिनं त्यात वार्निश धरलं, लाईट बिल धरलं, भाडं, पोरांचा रोज, बोअरवर जायचं पेट्रोल, आणि वॉरंटीत फुकट भरून दिलेल्या मोटारी पण धरल्या. मला ज्या कामात ४०० रुपये सुटतात असं वाटायचं तिथं १०० च्या आसपास सुटत होते, आणि एका प्रकारच्या छोट्या पंपात तर खिशातले जात होते. उधारीची पण तिनं वेगळी वही केली. आमच्याकडं उधारी सोयाबीन निघाल्यावर मिळते, सोयाबीनचा भाव पडला की दिवाळीची उधारी गुढीपाडव्याला जाते, हे मला माहीत होतं, पण त्या काळात तार घ्यायला मी व्याजानं पैसे काढत होतो आणि ते व्याज रेटमध्ये कुठंच नव्हतं. हे सगळं तिनं शोधलं, आणि तिचं नाव दुकानाच्या एकाही कागदावर नाही. कागदावर मालक मी एकटाच, त्यामुळं तुमच्या ट्रेनिंगचं बोलावणं पण मलाच येतं. माझी विनंती आहे की बोलावताना विचारा, हिशोब कोण बघतं, गल्ल्यावर कोण बसतं. अर्ध्याहून जास्त घरांत ती बाई असंल.

म्हणजे नवीन काही शोधायची गरज नाही. गल्लीत येणारी, आपल्यातलीच, आठवड्याला तासभर देणारी आणि मागचं तपासणारी शिकवणारी बाई, ही पद्धत बचत गटांनी चालवून दाखवली. तीच दुकानांना लावा. एका बाजारपेठेसाठी एक माणूस नेमा, महिन्यातनं दोनदा दुकानात येणारा, आणि त्यातला एक तरी त्या धंद्यातला उस्ताद किंवा रिटायर्ड निदेशक असू द्या. वेळ संध्याकाळी सातनंतरची नाहीतर बाजार नसलेल्या दिवशी दुपारची. आणि कॅलेंडर धंद्याचं बघा, मार्च एंडचं नको. आम्ही मोटारवाले पावसाळ्यात रिकामे, जुलै-ऑगस्टला या म्हणाल तितके बसू. कापडवाला, टेलर लग्नसराईत सापडणार नाही. मेसवाली परीक्षा संपल्यावर मोकळी. तांड्यावरच्या पोरांसाठी काही करायचं असंल तर ते दसऱ्याच्या आधी पाहिजे, नंतर ती पोरं इथं नसतात, ती सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडावर असतात.

अर्ध्या तासात सांगता येतील अशा गोष्टींना पण लोक किती पैसे मोजतात बघा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाईन आहे आणि ते पूर्ण फुकट आहे. मी त्याचे ७०० रुपये दिले. खाण्याचा छोटा धंदा करणाऱ्याला अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपये सरकारी फी आहे, आमच्या बाजारातल्या भज्याच्या गाड्यावाल्याकडनं एकानं १५०० घेतले. आठवडी बाजारात एक टेबल टाकून दोन माणसं बसवली तरी हे थांबंल.

शेवटचा मुद्दा आहे तो घाईचा आहे. सौर पंप. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, आणि पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी. आमच्या शिवारात दर आठवड्याला नवीन प्लेटा उभ्या राहायलेत. शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळतंय, रात्री साप-विंचवात जायचं टळलं, मला त्याचा आनंदच आहे. पण पाच वर्षांनी हमी संपणार आहे, आणि तेव्हा हे पंप दुरुस्त कोण करणार? कंट्रोलर, डीसी करंट, प्लेटांची जोडणी, यातलं आमच्या बाजारातल्या एकाही रिवायंडिंगवाल्याला नीट येत नाही, मला पण नाही. डीसीचा धोका वेगळा आहे, भरल्या लोडवर वायर ओढली तर ठिणगी तुटत नाही, जळत राहते, आणि आमच्या पोरांना एसीची सवय, ती तशीच हात घालतील. सूर्यमित्र म्हणून ट्रेनिंग आहे, चांगलं आहे, पण ते आयटीआय-डिप्लोमावाल्यांना डोळ्यापुढं ठेवून केलेलं आणि कित्येक आठवडे गाव सोडून राहायचं. दहावीला राहिलेला पण मोटार उघडून बंद करण्यात कुणाला हार न जाणारा जो पोरगा आहे त्याच्यासाठी दुकानातल्या दुकानात आठ-दहा संध्याकाळीचं सौर पंपाचं ट्रेनिंग काढा. ते झालं नाही तर एकीकडं माझं दुकान बसंल आणि दुसरीकडं शेतकरी बंद पडलेल्या प्लेटांखाली उभा राहून जिल्ह्याच्या माणसाची आठ दिवस वाट बघंल. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आम्ही बघितलंय, इथं उभ्या पिकाला आठ दिवस पाणी थांबवता येत नाही.

आमच्या बाजारात रिवायंडिंगची चार दुकानं आहेत, त्यात तो माझ्याकडनं गेलेला पहिला पोरगा पण आहे. मी बाकीच्या तिघांशी बोललोय. जुलैत पेरण्या झाल्या की आम्ही चौघं आणि आमची पोरं मिळून दहा-अकरा जण माझ्या शेडमध्ये संध्याकाळी सातला बसायला तयार आहोत. लाईटचं बिल आणि चहा माझ्याकडं. बंद पडलेला एक सौर कंट्रोलर एका शेतकऱ्यानं शिकायला म्हणून दिलाय, तो उघडून कपाटात ठेवलाय. तुम्ही फक्त शिकवणारा माणूस पाठवा, आणि पंधरा दिवसांनी त्याला परत एकदा पाठवा.

आपला,
एक मोटार रिवायंडिंगवाला,
जि. लातूर